प्राथमिकचं शेवटचं वर्ष: वर्गात समजलेलं वहीत का अडतं?

फळ्यावर गणित सुटत असताना मुलाला ते कळत असतं. ‘समजलं का?’ म्हटल्यावर वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो आणि तो ‘हो’ खोटा नसतो. संध्याकाळी वही उघडली की मात्र पहिल्याच उदाहरणावर पेन्सिल थांबते. मग घरचे निष्कर्ष काढतात: वर्गात लक्ष नव्हतं. बहुतेक वेळा तसं नसतं. दुसऱ्याने सोडवलेलं समजणं आणि कोऱ्या पानावर आपण सुरुवात करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात पुढची पायरी समोर दिसत असते, ती पटली की झालं. दुसऱ्यात ती आठवून काढावी लागते.

हा फरक खालच्या इयत्तांतही असतो, पण तिथली उदाहरणं एका-दोन पायऱ्यांची असल्यामुळे निभावून जातं. दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या वर्गात ते निभत नाही. दोन अंकी भाजक येतो, भिन्न छेदांचे अपूर्णांक येतात, दशांश येतात आणि विज्ञान-इतिहासाचे धडे स्वतः वाचून त्यातला अर्थ काढायचा असतो.

एका वेळी माणूस मनात किती गोष्टी धरू शकतो? जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये सातच्या आसपास हा आकडा मांडला. पुढे नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये तो चारच्या आसपास असल्याचं दाखवलं, आणि तोही मोठ्या माणसांचा. मुलांच्या मनात त्याहून कमी मावतं. आता याच हिशेबाने एक भागाकार बघू.

७३४४ भागिले ३६

बरोबर उत्तर २०४. वर्गातल्या बऱ्याच वह्यांत ते २४ असं सापडतं. वाट अशी चुकते: ७३ मध्ये ३६ दोनदा, ७२ वजा केले, उरला १. पुढचा ४ खाली घेतला, झाले १४. चौदामध्ये ३६ जात नाही, म्हणून मूल लगेच पुढचा ४ खाली घेतं. १४४ मध्ये ३६ चार वेळा, बाकी शून्य. सगळं नेटकं उरकलं, फक्त ‘जात नाही’ म्हणताना वर शून्य लिहायचं राहिलं.

हे शून्य का राहतं? कारण त्या क्षणी मुलाच्या डोक्यात ३६ चा पाढा चाललेला असतो. तो पाठ नसतो, म्हणून ते ३६ मध्ये ३६ मिळवत जातं. त्यातच कुठला अंक खाली घेतला आणि वर कुठल्या घरात लिहायचं हे धरून ठेवायचं असतं. चार गोष्टींची जागा कधीच भरलेली असते. ‘नीट लक्ष दे’ म्हणून ती जागा वाढत नाही. ओझं कमी केलं तर फरक पडतो, आणि त्याचे दोन साधे मार्ग आहेत.

पहिला: भागाकार सुरू करण्याआधी समासात ३६ च्या दुपटी लिहून ठेवायच्या. ३६, ७२, १४४, २८८ म्हणजे एकपट, दुप्पट, चौपट, आठपट. पाचपट हवी तर दहापटीच्या निम्मे, १८०. पाढा डोक्यातून कागदावर उतरला की डोकं पायऱ्यांकडे मोकळं होतं.

दुसरा: उत्तर किती अंकी येणार ते आधी ठरवायचं. ३६ ची शंभरपट ३६००, हजारपट ३६,०००. आपली संख्या ७३४४ या दोघांच्या मधली, म्हणजे उत्तर तीन अंकी. मग वर तीन रिकामी घरं आखायची. मधलं घर रिकामं राहिलं तर ते मुलाला आपोआप दिसतं, कोणी सांगावं लागत नाही. शेवटी भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी म्हणजे भाज्य, हा ताळा. २४ ला ३६ ने गुणलं तर ८६४ येतात, ७३४४ च्या जवळपासही नाहीत. ताळा करायला दोन मिनिटं लागतात. दहा भागाकार ताळ्याशिवाय करण्यापेक्षा चार भागाकार ताळ्यासह केलेले बरे.

अपूर्णांक, या वर्षाचा खरा घाट

रॉबर्ट सीग्लर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या मुलांची दीर्घकाळाची माहिती तपासली. दहाव्या वर्षाच्या सुमारास अपूर्णांक आणि भागाकार किती पक्के आहेत, यावरून पुढे हायस्कुलातल्या गणिताचा अंदाज बांधता येतो, असं त्यांना दिसलं. मुलाची बुद्धिमत्ता, घरचं उत्पन्न आणि पालकांचं शिक्षण हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. म्हणून या वर्षी वेळ कुठे घालवायचा असं विचारलं, तर आमचं उत्तर ठरलेलं आहे: अपूर्णांकांवर, आणि तोही बेरजेच्या रीतीआधी मापाच्या समजेवर.

१/२ + १/३ = २/५ ही चूक जवळपास प्रत्येक वर्गात होते. मूल अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतं, कारण त्याला १/२ ही एक संख्या दिसतच नाही. मध्ये रेघ असलेल्या दोन संख्या दिसतात. अमेरिकेत १९७८ च्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ याचं अंदाजे उत्तर निवडायला दिलं होतं. पर्याय १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक आहेत, म्हणून उत्तर २. ते फक्त २४ टक्के मुलांनी निवडलं. निम्म्याहून जास्त मुलांनी १९ किंवा २१ वर खूण केली, म्हणजे नुसत्या अंशांची किंवा नुसत्या छेदांची बेरीज.

यावर लसावि काढण्याची आणखी वीस उदाहरणं हा उपाय नाही. त्याने रीत पाठ होईल, पण १/२ किती मोठा आहे हे तरीही कळणार नाही. त्याऐवजी कागदाच्या पट्ट्या घ्या, प्रत्येक बरोबर २४ सेंटिमीटर लांब. हीच लांबी का, तर तिचे निम्मे १२, तिसरा भाग ८, चौथा ६, सहावा ४, आठवा ३ आणि बारावा २ सेंटिमीटर. सगळे पूर्ण सेंटिमीटर, पट्टीने मोजताना कटकट नाही. आता अर्धी पट्टी आणि तिसरा भाग एकापुढे एक ठेवा: १२ आणि ८ मिळून २०. म्हणजे २०/२४, म्हणजेच ५/६. मुलाने काढलेलं २/५ याच पट्टीवर मोजलं तर ९.६ सेंटिमीटर, अर्ध्यापेक्षाही कमी! अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि ते अर्ध्याहून कमी झालं, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्या. तिथे लगेच बोलू नका. विसंगती त्याने सांगायची असते.

मराठी मुलांकडे एक आयतं भांडवल असतं. दीड, सव्वादोन, अडीच, पावणेतीन हे त्यांना शाळेत अपूर्णांक येण्याच्या कितीतरी आधी तोंडी येत असतात. संख्यारेषा काढून त्यांच्या जागा विचारल्या तर बहुतेक मुलं न अडखळता दाखवतात. तिथूनच ९/४ आणि २ पूर्णांक १/४ यांकडे जावं. उलट दिशेने जाण्यात उगाच दमछाक होते.

दशांशात दोन चुका आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. काही मुलांना ०.४५ हे ०.५ पेक्षा मोठं वाटतं, कारण ४५ हे ५ पेक्षा मोठे. काहींना याच्या उलट, जास्त अंक म्हणजे बारीक तुकडे, म्हणून ०.३ हे ०.४२ पेक्षा मोठं वाटतं. गंमत अशी की पहिल्या चुकीचं मूल ०.३ आणि ०.४२ ही जोडी बरोबर सोडवतं आणि दुसऱ्या चुकीचं मूल ०.५ आणि ०.४५ ही जोडी. एकच जोडी दिली तर अर्धी गडबड सुटून जाते. दोन्ही द्या. आणि वाचताना ‘शून्य पूर्णांक पंचेचाळीस’ म्हणू नका, ‘शून्य पूर्णांक चार पाच’ म्हणा. पहिल्या चुकीला आपणच असं वाचून खतपाणी घालत असतो.

बरोबरच्या चिन्हाचीही एक कसोटी घेऊन बघा: ८ + ४ = □ + ५. चौकटीत १२ आले तर मुलाच्या लेखी ते चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिही’ असा हुकूम आहे. दोन्ही बाजू समान असं ते वाचत नाही. अशा मुलाच्या वहीत ८ + ४ = १२ × ३ = ३६ अशा साखळ्याही दिसतात. उत्तर बरोबर आलं म्हणून त्यावर बरोबरची खूण करू नये. पुढे समीकरणं सुरू झाली की हीच सवय नडते.

वाचन: उत्तर बरोबर, अर्थ शून्य

पुढचं वाक्य वाचा: ‘खडगुल्याने सकाळी तीन फिंबडे झिंजोळले.’ प्रश्न: खडगुल्याने सकाळी काय झिंजोळले? उत्तर तुम्ही दिलंतच: तीन फिंबडे. पूर्ण गुण. वाक्याला अर्थ नाही, तरी उत्तर आलं. धड्याखालच्या कितीतरी प्रश्नांची उत्तरं मुलं याच पद्धतीने लिहितात: प्रश्नातले शब्द धड्यात शोधायचे आणि ते वाक्य उतरवून काढायचं. अक्षर सुंदर, वही पूर्ण, आणि धड्यात काय आहे ते विचारलं की गप्प.

यावर तोडगा प्रश्नाच्या रचनेत आहे. ज्याचं उत्तर एका वाक्यात सापडत नाही असा निदान एक प्रश्न रोज हवा: हे आधी घडलं असतं तर पुढे काय बदललं असतं, किंवा या परिच्छेदाला शीर्षक दे आणि ते का ते सांग. दुसरा उपाय आणखी सोपा. परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं, दोन वाक्यांत लिहायचं, मग उघडून ताडून बघायचं.

शाब्दिक उदाहरणांत हीच खोड वेगळ्या रूपात येते. ‘जास्त’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी. मग ‘रमाकडे १८ गोट्या आहेत, त्या समीरपेक्षा ६ ने जास्त आहेत, तर समीरकडे किती?’ याचं उत्तर २४ येतं. ‘शब्द बघून क्रिया ठरव’ ही युक्ती खालच्या इयत्तेत कोणीतरी शिकवलेली असते आणि तिथे ती चालूनही जाते. आता ती मोडावी लागते. आकडे बोटाने झाकून उदाहरण वाचायला सांगा: रमाकडे काही गोट्या आहेत, समीरपेक्षा जास्त. कोणाकडे कमी? समीरकडे. मग बोट काढा. एवढ्यानेच पुष्कळ उदाहरणं मार्गी लागतात.

गृहपाठ किती आणि कसला

हॅरिस कूपर यांनी गृहपाठावरच्या अमेरिकेतल्या संशोधनाचा २००६ मध्ये सहकाऱ्यांसह आढावा घेतला. वरच्या वर्गांत गृहपाठ आणि प्रगती यांचा संबंध चांगला दिसतो, प्राथमिकमध्ये तो खूपच क्षीण. त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा ढोबळ नियम असा: इयत्ता गुणिले दहा मिनिटं. म्हणजे या वर्षी सगळे विषय मिळून पन्नास मिनिटं ते एक तास. रोज दोन तास लागत असतील तर मुलाचा किंवा गृहपाठाचा, कुठला तरी हिशेब चुकतोय.

मग या वयात गृहपाठ द्यायचा कशाला? विसरायला लागलेलं परत आठवायला, आणि शिक्षकाला कुठे अडलं ते कळायला. एवढं साधलं तरी पुरे.

विसरण्याचा वेग हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून मोजला होता: सुरुवातीला झपाट्याने, मग सावकाश. त्यावरचा उपाय म्हणजे परत वाचणं, असं सगळ्यांना वाटतं. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ मधल्या प्रयोगात कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने चित्र उलटलं: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. मुलं मोठी असली तरी धडा लहान वर्गालाही लागू पडतो. पाच-पाच वेळा उत्तरं लिहून काढायला लावणं म्हणजे हाताला व्यायाम.

गणिताचा दहा उदाहरणांचा गृहपाठ असा जुळवा: चार आजची, तीन गेल्या आठवड्यातली, तीन महिन्यापूर्वीची, आणि क्रम सरमिसळ. दहाही आजच्याच घटकाची दिली तर कुठली रीत लावायची हे मुलाला शीर्षकच सांगतं. खरं अवघड काम ते निवडणंच असतं, आणि तेच आपण काढून घेतो. सरमिसळ केल्यावर सुरुवातीला चुका वाढतात. घरून तक्रार येईल, ती येऊ द्यावी.

घटक अगदी नवा असेल तेव्हा मात्र सरमिसळ नको. तिथे एक सोडवलेलं उदाहरण आणि त्याखाली तसंच एक सोडवायचं, अशा जोड्या द्याव्यात. नंतर सोडवलेल्यातली शेवटची पायरी गाळायची, मग शेवटच्या दोन, असं करत सगळं मुलाकडे सोपवायचं. पहिली पायरी आधी गाळू नये, नवशिक्याला सर्वांत अवघड तीच जाते.

प्रकल्पांबद्दल थोडक्यात. रात्री साडेदहाला आईने कापलेला थर्माकोलचा ज्वालामुखी मुलाला काही शिकवत नाही, आईला मात्र कातरकाम येतं हे सिद्ध होतं.

घरी मदत करताना

तासाभराची बैठक साधारण अशी बसते. पहिली पाच मिनिटं पुस्तकं बंद: आज वर्गात काय झालं ते तीन-चार ओळींत. मग वीस मिनिटं गणित. पाच मिनिटं उठून पाणी पिणं, फिरणं. मग पंधरा-वीस मिनिटं वाचन-लेखन, आणि शेवटी उद्याचं दप्तर.

मूल अडलं तर मदतीला तीन पायऱ्या ठेवा आणि एक-एकच चढा. आधी विचारा, ‘उदाहरण काय काढायला सांगतंय?’ नाही जमलं तर वर्गातलं तसंच सोडवलेलं उदाहरण शोधायला सांगा. तरीही नाही, तर आकडे बदलून तुम्ही एक करून दाखवा. गृहपाठातलं ते उदाहरण तुम्ही सोडवायचं नाही. दहा मिनिटं झाली आणि गाडं हलत नसेल तर ‘इथपर्यंत आलं, पुढे ही पायरी कळली नाही’ असं वहीत लिहून पुढचं घ्यायचं. पालकांनी पूर्ण केलेली वही बघून शिक्षक समजतात की वर्गाला आलं, आणि दुसऱ्या दिवशी पुढचा घटक सुरू होतो.

खोडरबर शक्यतो दूर ठेवा. चुकलं तर एक आडवी रेघ मारून खाली लिहायचं. खोडलेल्या जागी चूक राहत नाही, तसा तिचा मागही राहत नाही, आणि शिक्षकाला हवा असतो तो मागच.

शिक्षकांनी चाळीस वह्यांतलं प्रत्येक उदाहरण तपासावं ही अपेक्षा अवास्तव आहे. तीन उदाहरणं निवडावीत आणि वह्यांचे तीन गठ्ठे करावेत: बरोबर, हातचूक, आणि समजच वेगळी असलेले. हातचुकीवाल्यांना ‘ताळा कर’ एवढं पुरतं. तिसऱ्या गठ्ठ्यासाठी पुढच्या तासाची पहिली दहा मिनिटं ठेवावीत, आणि त्या गठ्ठ्यातली एक चूक नाव न घेता फळ्यावर लिहून ‘हे कसं आलं असेल?’ असं वर्गाला विचारावं.

शेऱ्याबाबत रूथ बटलर यांचा १९८८ मधला इस्रायलमधला अभ्यास नेमका याच वयाचा, पाचवी-सहावीचा आहे. काही मुलांना फक्त गुण मिळाले, काहींना फक्त काय सुधारावं याचा शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारले ते फक्त शेरा मिळालेले. दोन्ही मिळालेली मुलं फक्त गुणवाल्यांसारखीच राहिली. आकडा दिसला की मुलं शेजाऱ्याचा आकडा बघतात, शेरा वाचायचा राहून जातो. म्हणून रोजच्या वहीत दहापैकी सात नको. ‘छेद समान केलेस, अंश बदलायला विसरलास’ हे हवं.

एवढं करूनही रोजचा गृहपाठ तासाच्या फार पुढे जात असेल तर अडचण विषयात नसून त्याखालच्या कौशल्यात असू शकते. ती शोधायला तीन संध्याकाळी पुरतात. पहिल्या दिवशी शाब्दिक उदाहरणं तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. भराभर सुटली तर गाठ वाचनात आहे. दुसऱ्या दिवशी पाढ्यांचा तक्ता समोर ठेवा. वेळ निम्म्यावर आला तर पाढे कच्चे आहेत. तिसऱ्या दिवशी मुलाला तोंडी उत्तर सांगू द्या आणि तुम्ही लिहा. भरपूर आणि मुद्देसूद आलं तर अडसर लेखनाचा आहे. घरी सुटणारी उदाहरणं फळ्यावरून उतरवताना सतत आकडे चुकत असतील तर मात्र आधी डोळे तपासून घ्या, या वयात लांबचं अंधुक दिसू लागणं नवीन नाही. तिन्ही दिवसांची पानं, वेळ वर लिहून, वर्गशिक्षकांकडे न्या. ‘अभ्यासच करत नाही’ या तक्रारीवर त्यांना करण्यासारखं फारसं काही नसतं. ‘वाचून दाखवलं की बारा मिनिटांत सगळं सुटतं’ यावर असतं.